व्ही.आय.पी., पी.ए.पी. आणि आपण

मोठ्या माणसांसाठी इंग्रजीत किती शब्द आहेत ते एकदा बोटांवर मोजा. बोटं संपतील. व्ही.आय.पी., व्ही.व्ही.आय.पी., सेलिब्रिटी, एलिट, हाय प्रोफाइल, बिग शॉट, टायकून, आयकॉन, इन्फ्लुएन्सर, अप्पर क्रस्ट, क्रीम. आपल्या पोरांच्या तोंडात हे शब्द आता चिंचोक्यांसारखे खुळखुळतात. बोईसरचा रिक्षावाला सांगतो, 'आज रस्ता बंद, व्ही.आय.पी. येणारेत.' पालघरच्या नाक्यावर फ्लेक्स लागतो आणि कालचा जमिनीचा दलाल आज 'युथ आयकॉन' होतो. भातखाचरं भरून उभ्या राहिलेल्या इमारतीच्या जाहिरातीत 'एलिट' राहणीचं आमंत्रण असतं. ज्याच्या खाचरावर ती इमारत उभी आहे तो खाली वॉचमन असतो.

कुणी म्हणेल, शब्दच आहेत, त्यात काय एवढं? मी म्हणतो, शब्दांचा मार खाल्लेल्या माणसाला हे सांगू नका. आमच्या बापजाद्यांना एका शब्दावर वेशीबाहेर ठेवलं होतं. कुलूप नव्हतं, भिंत नव्हती. नुसता शब्द होता.

आणि भाषाशुद्धीचं रडगाणंही मी गाणार नाही. 'इंग्रजी हाकला, मराठी वाचवा' म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मला बसायचं नाही. त्यांच्या शुद्ध मराठीत आमच्यासाठी कोणते शब्द होते ते आम्हाला पाठ आहेत. माझं म्हणणं वेगळं आहे. मोठ्या माणसाचा एक शब्द जन्मतो, तेव्हा त्याच पोटी लहान माणसाचाही एक शब्द जन्मतो. जुळं असतं ते. पाळण्यात घालून मिरवतात एकालाच. दुसऱ्याला पदराखाली झाकतात. म्हणून मित्रांनो, असा शब्द एकेकटा वाचू नका. जोडीनं वाचा. मग कळतं बाळंतीण कोण आणि सुईण कोण.

पहिली जोडी आमच्या दारातली.

तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. माझा बाप त्याच्या बांधकामावर खपला. नगर जिल्ह्यातनं पोटासाठी आला, डोक्यावर घमेलं घेतलं, इथलाच झाला. पुढं त्याच केंद्रात ३ आणि ४ नंबरचे संच आले. प्रत्येकी ५४० मेगावॅटचे. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठवली. समुद्रावर जगणारी माणसं, शेतावर जगणारी माणसं. २००७ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी हे संच राष्ट्राला अर्पण केले. अर्पण करणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत. ज्यांच्या घरांवरून ते अर्पण झालं त्यांचं नाव काय? त्यांना एकच सामाईक नाव मिळालं. पी.ए.पी. प्रोजेक्ट अफेक्टेड पर्सन. १९८६ साली महाराष्ट्रानं पुनर्वसनाचा कायदा केला, त्याच्या इंग्रजी नावातच हे तीन शब्द आहेत.

आता दोन्ही शेजारी ठेवा. व्ही.आय.पी. आणि पी.ए.पी. दोन्हीकडं तीन अक्षरं. दोन्हीकडं शेवटचा पी पर्सनचा, म्हणजे माणसाचा. इंग्रजीनं दोघांनाही माणूस म्हटलं, तिचे उपकार. पण पुढचं बघा. व्हेरी इम्पॉर्टंट. हा फार महत्त्वाचा. कुणी ठरवलं? शब्द सांगत नाही. जसा काही तो आईच्या पोटातनंच महत्त्वाचा आला. अफेक्टेड. याच्यावर परिणाम झाला. कुणी केला? शब्द सांगतो, प्रोजेक्टनं. मंत्र्यानं नाही, अधिकाऱ्यानं नाही, प्रोजेक्टनं. आणि मराठीत त्याचं भाषांतर काय झालं? प्रकल्पग्रस्त. पूरग्रस्त म्हणतो आपण, भूकंपग्रस्त म्हणतो, दुष्काळग्रस्त म्हणतो. त्याच रांगेत प्रकल्प नेऊन बसवला. जसा काही तो आभाळातनं पडला, त्याला सही नव्हती, शिक्का नव्हता, मोजणीदार नव्हता.

ही अक्षरं जोडूनही वाचून बघा. पी.ए.पी. म्हणजे पाप. दाखला मागायला कचेरीत उभ्या असलेल्या बाईच्या तोंडाकडं बघितलं की वाटतं, बरोबर वाचलं आपण. घर दिलं, रान दिलं, किनारा दिला, आणि वर पाप तिच्याच माथी. व्ही.आय.पी. जोडून वाचा. विप. पुढं नुसता एक र जोडा. विप्र. मी ओढूनताणून आणलेलं नाही, अक्षरंच लबाड आहेत. जुनी पाटी पुसली, नवी लिहिली, पण फळ्यावरचं जुनं अक्षर खालनं दिसतंच.

२०१७ च्या १ मे पासून मंत्र्यांच्या गाडीवरचे लाल दिवे काढले. आदल्या दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदी रेडिओवरनं म्हणाले होते, आता व्ही.आय.पी. नको, ई.पी.आय. म्हणा. एव्हरी पर्सन इज इम्पॉर्टंट. प्रत्येक माणूस महत्त्वाचा. छान. कामगार दिनाच्या मुहूर्तावर दिवे उतरले. आम्ही वाट बघत राहिलो, आता खालचा शब्द कधी उतरतो. प्रत्येक माणूस महत्त्वाचा, तर पी.ए.पी. कोण? तो शब्द कुणाच्या गाडीवर नव्हता, म्हणून काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. दिवे गेले, ताफे राहिले. ३० ऑगस्ट २०२४ ला त्याच पंतप्रधानांनी पालघरला येऊन वाढवण बंदराची पायाभरणी केली. शहाहत्तर हजार कोटींचं बंदर. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला कितीतरी वर्षांपासून विरोध. प्रत्येक माणूस महत्त्वाचा म्हणणाऱ्या देशात, विरोध करणाऱ्या कोळणीसाठी यादीत कोणतं अक्षर लिहिलं असेल? ई? की पुन्हा पी.ए.पी.?

पण मग इंग्रजी शब्द आपल्यात एवढे शिरले कसे? कारण आपणच दार उघडलं. आणि बरोबरच केलं.

माझा आजा गावचा येसकर. पाटलापुढं गेला की पायताण हातात. तोंडात शब्द कोणते? जोहार मायबाप. सरकार. धनी. अन्नदाता. एका माणसाला एवढ्या पदव्या, आणि त्या देणाऱ्याचं स्वतःचं नाव अर्धवट. रामा नाही, राम्या. धोंडिबा नाही, धोंड्या. मोठ्याचं नाव लांबवायचं आणि लहानाचं तोडायचं, ही आपल्या मराठीची जुनी खोड. म्हणून माझ्या बापानं पहिल्यांदा 'मिस्टर' हा शब्द आपल्या नावामागं छापलेला बघितला तेव्हा तो कागद त्यानं जपून ठेवला. बँकेचं पत्र होतं. मिस्टर म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं, पण ते साहेबालाही लावतात आणि आपल्यालाही लावलं, एवढं त्याला कळलं. इंग्रजी शब्दाला जात नाही, असं त्याला वाटलं. बाबासाहेब याच भाषेत शिकले, कोलंबियात शिकले, लंडनला शिकले, आणि याच भाषेत त्यांनी मनूच्या वारसांना उत्तर दिलं. आमच्या घरात इंग्रजीला कुणी शिवी देत नाही.

पण भाषा एक आणि तिच्या माडीवर बसलेले शब्द वेगळे. ते शब्द उसवून बघायला पाहिजेत. मी शब्दकोश घेऊन बसलो आणि काय सापडलं ते सांगतो.

लॉर्ड. जुन्या इंग्रजीत हा जोडशब्द होता. भाकर आणि राखणदार. लॉर्ड म्हणजे भाकरीचा राखणदार. लेडी म्हणजे भाकरीचं पीठ मळणारी. किती साधं! आता आमच्या आजाकडं बघा. तो वेशीचा राखणदार. रात्रभर गाव राखायचा, आणि सकाळी टोपलं घेऊन दारोदार भाकर मागायचा. शिळी, उष्टी, वरनं टाकलेली. ज्यानं गाव राखलं तो मागता झाला, आणि ज्यानं भाकर राखली, म्हणजे दुसऱ्याला मिळू दिली नाही, तो लॉर्ड झाला. हे इंग्लंडात झालं आणि हे नगर जिल्ह्यातही झालं.

ब्लू ब्लड. निळं रक्त. खानदानी माणसाचं रक्त निळं म्हणे. हा शब्द स्पेनमधनं आला. तिथले सरदार म्हणायचे, आमच्यात मूर लोकांचं रक्त नाही, ज्यूंचं नाही, बघा आमची गोरी कातडी, आतल्या निळ्या शिरा दिसतात. म्हणजे काय, तर ज्याच्या पाठीवर ऊन पडलं नाही त्याची शीर दिसते. आमच्या पाठी उन्हानं काळवंडल्या, आमच्या शिरा कुणाला दिसणार? पण निळा रंग आम्ही तुमच्या शिरेत राहू दिला नाही. झेंड्यावर घेतला. तो तिथंच शोभतो.

एलिट. म्हणजे निवडलेले. फ्रेंचातनं आलेला शब्द. ठीक आहे, निवडलेले. पण मतपेटी कुठं होती? आम्ही कधी शिक्का मारला? निवडणाऱ्याचं नाव या शब्दातही नाही. हू'ज हू नावाचं पुस्तक लंडनमध्ये १८४९ सालापासून निघतं. कोण कोण आहे त्याची यादी. आपल्या गावाला असलं पुस्तक छापायची गरज कधी पडली नाही. 'कुणाचा रं तू?' एवढा एक प्रश्न पुरायचा. तोच आमचा हू'ज हू. आडनाव सांगितलं की पान उघडायचं, आणि पान उघडलं की पाण्याचा तांब्या आत जायचा.

आता खरी गंमत. मोठ्या माणसासाठी इंग्रजांनी जे शब्द बाहेरनं उचलले त्यातले कितीतरी आपल्याच मातीतले आहेत. टीव्हीवर बसून भविष्य सांगणारा तो पंडित. पैशानं मातलेला तो नबाब. सिनेमाचा, छापखान्याचा धनी तो मोगल. आणि अमेरिकेत बॉस्टन शहरातली जुनी, शिकलेली, पैसेवाली घराणी, त्यांना काय म्हणतात? बॉस्टन ब्राह्मण. १८६० साली ऑलिव्हर वेंडेल होम्स नावाच्या डॉक्टर लेखकानं तिकडच्या घराण्यांना ही जात बहाल केली. न सोवळं, न जानवं, समुद्रापलीकडं बसल्या जागी ब्राह्मण. कारण तो शब्द नेमका काय काम करतो हे त्याला कळलं होतं. वर बसवायचं काम.

जुळ्यातलं दुसरं पोर कुठं आहे? तेही गेलं बोटीत बसून. पराया. मद्रासकडचे आपले परय्यर बांधव, ज्यांची जात पराई नावाच्या ढोलावरनं ओळखली गेली, त्यांच्या नावावरनं इंग्रजीत पराया झाला. वाळीत टाकलेला, कुणी शिवू नये असा. आजही जगातल्या एखाद्या देशाशी बाकीचे बोलेनासे झाले की इंग्रजी पेपरवाले त्याला पराया देश म्हणतात. ढोल वाजवणाऱ्या जिवंत माणसांची जात शिवी म्हणून वापरतात, आणि कुणाची जीभ अडखळत नाही. आणि कुली? तो शब्द आपल्याकडच्या कोळ्यांच्या नावावरनं निघाला असं एक मत आहे, तमिळमधल्या मजुरीच्या शब्दावरनं निघाला असं दुसरं. पहिलं मत खरं असेल तर सातपाटीपासनं डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यानं आपलं नाव एकदा शब्दकोशात शोधावं. म्हणजे हिशेब असा. इंग्रजांनी आपल्याकडनं मिरी नेली, कापूस नेला, आणि उतरंडही नेली. वरचं मडकं नेलं तसं खालचंही नेलं. मधे काही फुटलं नाही. आणि आज तीच उतरंड नवा रंग देऊन आपल्याला परत विकतात. आपण घेतो, कारण वर इंग्रजी लेबल आहे.

तुम्ही म्हणाल, हे झालं पुस्तकी. मग एम.आय.डी.सी.त चला.

१९९० च्या दशकात मी तारापूर एम.आय.डी.सी.तल्या एका कारखान्यात हेल्पर होतो. नाव घेत नाही. शेजारच्या गेटातही तेच होतं, त्याच्या शेजारीही तेच. तिथं माणसांची नावं अशी होती. मॅनेजमेंट. एक्झिक्युटिव्ह. स्टाफ. मग परमनंट कामगार. मग आम्ही, कॅज्युअल. आमच्याही खाली ठेकेदाराची माणसं, त्यांना नुसतं 'लेबर' म्हणायचे. कॅज्युअल! इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सहज, प्रासंगिक, फारसं मनावर न घेण्यासारखं. आमचे हात ॲसिडनं सोलत होते, आणि आम्ही प्रासंगिक होतो. पाहुणे आले की कपाटातनं चिनी मातीचे सोनेरी काठाचे कप निघायचे. 'व्ही.आय.पी. कप' म्हणायचे त्यांना. स्टाफला काचेचे. आम्हाला प्लास्टिकचे, चहा ओतला की आकसणारे. एकदा कॅन्टीनच्या पोरानं चुकून एका हेल्परला सोनेरी काठाचा कप दिला. त्या पोराला सुपरवायझरनं सगळ्यांदेखत झापलं. कुणाची जात काढली नाही. कायदा माहीत होता त्याला. 'लेव्हल बघून देत जा' एवढंच म्हणाला.

लेव्हल. मला त्या दिवशी माझ्या आजाच्या गावचं हॉटेल आठवलं. तिथं आमचा कप बाहेर कोनाड्यात असायचा, कान तुटलेला. आपणच घ्यायचा, आपणच विसळायचा. तो वेगळा कप कायद्यानं गेला असं आपण समजतो. गेला नाही. कोनाड्यातला कप कपाटात गेला, एवढाच फरक. पूर्वी खालच्याचा वेगळा होता, आता वरच्याचा वेगळा आहे. पण वेगळा आहे.

सरकारी कचेरीत जा. क्लास वन, क्लास टू, क्लास थ्री, क्लास फोर. कागदावर आता गट अ, ब, क, ड लिहितात, पण बोलताना अजून क्लास वन ऑफिसर म्हणूनच छाती फुगते. चारच का? तीन नाहीत, पाच नाहीत, नेमके चार. मनूच्या हिशेबाची सवय बोटांना लागलेली. आणि चारांच्याही बाहेर कोण? झाडू मारणारा, गटारात उतरणारा, ठेक्यावरचा माणूस. तो कुठल्याच गटात नाही. पूर्वी त्याला अवर्ण म्हणायचे, आता आउटसोर्स म्हणतात. अर्थ तोच. बाहेरचा.

'टॉप' हाही मोठ्यांचाच शब्द. टॉपचा वकील, टॉपचा डॉक्टर. आमचं तारापूरही एकदा टॉपला आलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची मोजणी केली, त्यात तारापूरला शंभरापैकी ९३.६९ गुण पडले. देशात पहिला नंबर. एवढे मार्क आमच्या पोरांना मिळाले असते तर! टॉपचे कारखाने, आणि त्यांच्या नाल्याकाठी राहणारी माणसं कुठल्याच यादीत टॉपला नाहीत. ही पण जोडीच.

आता सगळ्यात गोड शब्दाकडं येतो. क्रीमी लेअर. साय.

हा शब्द न्यायालयात १९७५ साली आला, केरळच्या थॉमस खटल्यात, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या लेखणीतनं. १९९२ च्या मंडल निकालानं तो ओबीसींना लागू झाला. १ ऑगस्ट २०२४ च्या निकालात सात न्यायमूर्तींपैकी चौघांनी मत दिलं की अनुसूचित जाती-जमातींतही क्रीमी लेअर शोधून बाजूला काढावा. आठवड्याभरात केंद्र सरकारनं सांगितलं की तसं करणार नाही. पण शब्द आता घरात येऊन बसला आहे. पाहुणा म्हणून आलेला शब्द कधी मालक होतो ते आपण बघितलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे कुणी तोंडात बोट घालायला नको. आपल्यातल्याच मागं राहिलेल्या जातींना त्यांचा वाटा मिळालाच पाहिजे. मातंग बांधवांचं गाऱ्हाणं खरं आहे, ते ऐकायला आपल्याला कमीपणा वाटू नये. माझं भांडण त्या वाट्याशी नाही. भांडण या सायीशी आहे.

साय कशावर येते? दुधावर. मग विचारा, म्हैस कुणाची? गोठा कुणाचा? चारा कुणाच्या रानातला? डेअरी कुणाची? ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दूध, दही, लोणी, तूप सगळं होतं, त्यांना कधी कुणी क्रीमी लेअर म्हटलं का? त्यांना म्हणतात 'चांगल्या घरातला', 'गुड फॅमिली'. आणि ज्याची आई धारावीत भांडी घासत होती, जो तीस वर्षं घासून एकदाचा क्लास वन झाला, तो साय! एका पिढीच्या पगाराला साय म्हणायचं, आणि हजार वर्षांच्या तुपाला संस्कार. याला शब्दांची लबाडी नाही तर काय म्हणू?

आकडाच बघा. ओबीसींसाठी क्रीमी लेअरची रेघ २०१७ पासून वर्षाला आठ लाखांवर आहे. २०१९ साली घटनादुरुस्ती करून वरच्या जातींतल्या गरिबांसाठी दहा टक्के राखीव केले, त्याचीही रेघ आठ लाख. रेघ एकच, आकडा एकच. पण आठ लाखांच्या आतला ओबीसी म्हणजे 'नॉन-क्रीमी', सायीशिवायचा. आणि आठ लाखांच्या आतला वरच्या जातीचा म्हणजे 'इकॉनॉमिकली वीकर', दुर्बल. एकाचं नाव त्याच्याकडं साय नाही यावरनं पडलं, दुसऱ्याचं नाव त्याच्या दुःखावरनं. एकाच रेघेखाली उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाची कीव येते आणि दुसऱ्याची झडती होते. हे काम कायद्याच्या कलमानं केलं नाही. शब्दानं केलं.

बाबासाहेबांना हे कळत होतं. संविधान उघडा. सतराव्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली. हे आपल्याला तोंडपाठ आहे, भिंतीवर लिहिलेलं आहे. पण त्याच्या शेजारी, लगेच खाली, अठरावं कलम आहे. ते आपण वाचतच नाही. त्या कलमानं किताब नष्ट केले. सैन्यातला आणि विद्येतला मान सोडला तर राज्यानं कुणालाही पदवी देऊ नये. रावसाहेब, रावबहादूर, सर, सगळे बाद. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानंही बजावलं की पद्म पुरस्कार हा किताब नाही, तो नावाच्या मागंपुढं लावायचा नाही.

सतरा आणि अठरा. शेजारी शेजारी. खालचा शब्द काढला, त्याच दमात वरचाही काढला. कारण एक ठेवून दुसरा जात नाही. जिथं एकजण अतिमहत्त्वाचा आहे, तिथं कुणीतरी बिनमहत्त्वाचा असल्याशिवाय त्याला ते अति मिळतच नाही. जुळं आहे ते, मी पहिल्यापासनं सांगतोय. आपण सतरा नंबरासाठी लढलो, रक्त सांडलं. अठरा नंबर पोरका राहिला. आणि पोरक्या कलमाच्या घरात व्ही.आय.पी. शिरले.

आता शेवटचं, आणि हे आपल्या माणसांसाठी आहे. दुसऱ्याला शिव्या देऊन झाल्यावर घरात बघायला काय हरकत?

१४ एप्रिलचा मांडव डोळ्यांपुढं आणा. पुढं काय असतं? पांढरी खोळ घातलेले सोफे. त्यावर कागद चिकटवलेला, 'व्ही.आय.पी.'. मधे दोरी. दोरीपलीकडं प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यामागं ताडपत्रीवर बाया, पोरं कडेवर. ज्या बाईनं वर्गणीसाठी दहा घरची धुणी धुतली ती ताडपत्रीवर, आणि ज्यानं वर्गणीचा चेक दिला तो बिल्डर सोफ्यावर. ज्याच्या ठेक्यावर आपली पोरं बिनपगारी राबली तोही सोफ्यावर. सूत्रसंचालन करणारा आपलाच पोरगा, माइकवर अर्धा तास नावं वाचतो. मान्यवर, आदरणीय, सन्माननीय, सेलिब्रिटी गेस्ट. बाबासाहेबांचं नाव येईपर्यंत ताडपत्रीवरची पोरं झोपलेली असतात. ज्या माणसानं दोरी तोडली त्याच्या जयंतीला आपण दोरी बांधतो. आणि दोरी बांधायला बाहेरनं कुणी मनू येत नाही.

फ्लेक्सवर आपल्या पुढाऱ्याच्या नावामागं फायरब्रँड, आयकॉन, किंगमेकर. किंगमेकर! म्हणजे दुसऱ्याला राजा करणारा. एवढ्या लढाया करून आपण मागितलं काय, तर दुसऱ्याच्या डोक्यावर मुकुट ठेवायची नोकरी.

म्हणून मी मागणी करतो, आणि ती फार मोठी नाही. मोर्चा काढायला नको, निवेदन द्यायला नको. हातातली गोष्ट आहे.

येत्या जयंतीच्या पत्रिकेत कुणाच्याही नावामागं विशेषण नको. नाव आणि काम, एवढंच छापा. अमुक, शिक्षिका. तमुक, सफाई कामगार. फलाणा, आमदार. तिघांचा टाइप एकाच आकाराचा. ज्याला ते चालत नाही त्यानं घरी बसावं, मांडव मोकळा राहील.

मांडवात सोफे नकोत. पहिल्या रांगेत ताडपत्री, आणि ताडपत्रीवर आधी येईल तो पुढं. आमदार लवकर आला तर त्यानं पुढं बसावं. उशिरा आला तर मागं बसावं, ऐकू येईल, माइक आहे.

आपल्या पोरांना इंग्रजी शिकवा. अजून शिकवा. एवढं शिकवा की इंग्रजी शब्द समोर आला की त्याच्यापुढं हात जोडण्याऐवजी ती त्याची शिवण उसवतील. एलिट म्हटलं की विचारतील, निवडलं कुणी? क्रीम म्हटलं की विचारतील, म्हैस कुणाची? व्ही.आय.पी. म्हटलं की विचारतील, त्याचा जुळा भाऊ कुठं आहे?

आणि पी.ए.पी. हा शब्द आपण आपल्या लिहिण्यातनं काढून टाकू. प्रकल्पग्रस्तही नको. अक्करपट्टीची, पोफरणची माणसं कुठल्या वादळात सापडली नव्हती. त्यांना उठवलं. तसंच लिहू. उठवलेली माणसं. निदान वाचणारा विचारेल तरी, उठवलं कुणी?